पाणी घोट्यापर्यंत

31 मार्च 2025, सोमवार

पावणेसहाला चहा ठेवला, आजच्या मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या रोजच्या उपासनेची, बायबलमधली वाचनं उघडली आणि उपवासकाळात, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, पहिल्यांदाच काही न लिहिता वही मिटून टाकली.

यशयाचा पासष्टावा अध्याय. नवं आकाश, नवी पृथ्वी, रडण्याचा आवाज पुन्हा कधी ऐकू येणार नाही. इथवर मी मान हलवत वाचत होते. मग शेवटची ओळ आली. लोक घरं बांधतील नि त्यांत राहतील, द्राक्षमळे लावतील नि त्यांची फळं खातील. आमच्या मागच्या दाराशी यांनी लावलेलं लिंबू आहे. चार वर्षांत त्याला एक फूल आलेलं नाही, आणि लावणारा माणूस मागच्या ऑगस्टमध्ये गेला. ती ओळ वाचून मला राग आला. देवाचा आला. लिहूनच ठेवते.

गेल्याच्या गेल्या रविवारी, 23 तारखेला, मिस्सात लूकच्या शुभवर्तमानातली, येशूने सांगितलेली अंजिराच्या झाडाची गोष्ट होती. तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक, माळी म्हणतो एवढं एक वर्ष राहू दे, मी भोवती खणतो, खत घालतो. त्या दिवशी दुपारीच मी लिंबाला आळं केलं, दोन घमेली शेणखत घातलं. पुढच्या वर्षी त्या अंजिराचं काय झालं ते येशू सांगत नाही. गोष्ट तिथेच सोडून देतो.

मिस्साची वाचनं आपण निवडत नाही. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर, 1969 मध्ये, हा नवा क्रम लागला. रविवारचं चक्र तीन वर्षांचं, इतर वारांच्या पहिल्या वाचनाचं दोन वर्षांचं. उपवासकाळातल्या वारांची वाचनं मात्र दरवर्षी तीच. म्हणजे हीच ओळ गेल्या वर्षीही याच सोमवारी आली होती, आणि तेव्हा आम्ही दोघांनी बसून वाचली होती. मला काही आठवत नाही. तेव्हा टोचली नसणार.

रात्री योहानाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, आजचा भाग पुन्हा वाचला. कफर्णहूमचा अंमलदार काना गावी येऊन येशूला विनवतो, मुलगा मरायला टेकलाय. येशू बरोबर जात नाही. फक्त म्हणतो, जा, तुझा मुलगा जगलाय. आणि तो निघतो. ताप उतरल्याचं त्याला दुसऱ्या दिवशी वाटेत कळतं. मधली रात्र त्याने कशी काढली, याबद्दल योहान अक्षर लिहीत नाही.

1 एप्रिल, मंगळवार

आज खूप लिहायचंय.

वाचन यहेज्केलचं, सत्तेचाळिसावा अध्याय. मंदिराच्या उंबऱ्याखालून पाणी निघतं आणि पूर्वेला वाहू लागतं. हातात दोरी घेतलेला माणूस हजार हात मोजतो, संदेष्ट्याला पाण्यातून चालवतो. पाणी घोट्यापर्यंत. आणखी हजार हात, गुडघ्यापर्यंत. आणखी हजार, कमरेपर्यंत. मग पोहल्याशिवाय पलीकडे जाता येणार नाही एवढी नदी. ती खाऱ्या समुद्राला जाऊन मिळते आणि समुद्राचं पाणी गोड होतं.

वसईतल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. बावखलं, म्हणजे वाडीतली गोड्या पाण्याची तळी, होती तोवर विहिरी गोड होत्या. पावसाचं पाणी बावखलात साठायचं, जमिनीत मुरायचं, वाडीतल्या केळी-पानवेलीला पुरायचं. एकेक बावखल बुजत गेलं, कुठे भराव पडला, कुठे इमारत उभी राहिली, उपसा वाढला आणि विहिरी मचूळ झाल्या. आमचं बावखल अजून शाबूत आहे, पण गाळाने अर्धं भरलंय. मार्च संपता संपता त्यात बेडकांपुरतं पाणी राहतं.

वाचनाच्या डोक्यावर लिहिलेलं असतं: ओव्या 1 ते 9 आणि 12. मधल्या दोन गाळलेल्या. गाळलेलं वाचायची सवय मला यांनी लावली. ‘‘फादर दिब्रिटोंनी सगळं मराठीत आणलंय, तर सगळं वाचावं,’’ असं म्हणायचे. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ 2010 मध्ये आलं तेव्हापासून आमच्या घरात आहे. त्याचं पुठ्ठ्याचं कव्हर यांनी दोनदा बदललं. फादर गेले 25 जुलै 2024 ला. आमच्याकडे त्यानंतर तीनच आठवड्यांनी.

तर अकरावी ओवी काढली. नदी जाईल तिथे सगळं जगेल असं सांगून झाल्यावर तिथे म्हटलंय की दलदली आणि पाणथळ जागा मात्र गोड होणार नाहीत, त्या मिठासाठी राखून ठेवल्या जातील.

मी चष्मा काढून बसून राहिले.

सात महिने प्रत्येकाने मला सांगितलंय की काळ सगळं गोड करतो. जपमाळेला आलेल्या बायकांनी सांगितलं, माझ्या भावाने सांगितलं, मीच आरशात स्वतःला सांगितलं. आणि होत नाही म्हटल्यावर वाटायचं की आपली श्रद्धा कमी पडते. इथे देव स्वतः म्हणतोय की थोडी जागा खारटच राहू दे. खारट जागेचं काय करतात ते आम्हाला माहीत आहे. माझे आजोबा मिठागरावर कामाला होते, आगरातलं पाणी कोणी गोड करायला जात नाही. ही ओवी मिस्सात का वाचत नाहीत कोण जाणे. मला तर तीच हवी होती.

मग गेल्या वर्षीची वही काढायचं धाडस केलं. आमची वही एकच असायची, एक दिवस त्यांचं अक्षर, एक दिवस माझं. ते गेल्यापासून मी ती उघडलीच नव्हती. दफनाच्या मिस्साला विलापगीतातलं वाचन घेतलं होतं, तिसऱ्या अध्यायातलं. त्याची दया दर सकाळी नवी होते, ते. त्यानंतर मी बायबलच उघडलं नाही, थेट उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपर्यंत, 5 मार्चपर्यंत. दर सकाळी नवं होत होतं ते फक्त आठवणं. बाजूच्या उशीवर हात जायचा आणि रोज नव्याने कळायचं.

आता उपवासकाळात विलापगीत सबंध वाचलं तेव्हा पाहिलं की ती ओवी पाच कवितांच्या बरोबर मधल्या कवितेत आहे. शहर जळालंय, मुलं रस्त्यात पडलीत, आणि मध्येच कोणीतरी हे म्हणतं. पुढे पुन्हा रडणं सुरू. पुस्तक संपतं तेही गाऱ्हाण्यावरच, तू आम्हाला कायमचं टाकलंस का, म्हणून. दफनाच्या दिवशी मला फक्त मधला तुकडा ऐकू आला होता. तो खोटा वाटला होता. पूर्ण वाचल्यावर वाटत नाही.

12 मार्च 2024. चौथ्या आठवड्याचा मंगळवार, हेच वाचन, अक्षर त्यांचं. दोनच ओळी:

‘पाणी घोट्यापर्यंत. बावखलाचा गाळ या उन्हाळ्यात काढायलाच हवा.’

काढायचा राहून गेला.

शुभवर्तमानात आज बेथेस्दाचं तळं होतं. अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसाला येशू विचारतो, तुला बरं व्हायचंय का? तो सरळ हो म्हणतच नाही, मला पाण्यात उतरवणारं कोणी नाही म्हणतो. मी दहा वाजता पुतण्याला फोन केला, गाळ काढायला गडी मिळतील का म्हणून.

2 एप्रिल, बुधवार

आज वाचन मोठ्याने वाचलं, सासूबाईंना. त्यांना आता दिसत नाही, एरवी मी त्यांना फक्त शुभवर्तमान वाचून दाखवते. आज चुकून यशयापासून सुरुवात केली आणि पंधराव्या ओवीवर आल्यावर जीभ अडखळली. आई आपल्या तान्ह्याला विसरेल का?

‘‘वाच की गं,’’ त्या म्हणाल्या.

‘‘वाचते आई.’’

वाचलं. ती विसरली तरी मी तुला विसरणार नाही. त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘पाचव्या महिन्यात त्याला गोवर झाला होता. तुला सांगितलं नव्हतं ना मी?’’ बत्तीस वर्षांत नव्हतं सांगितलं. मग सांगत बसल्या. साडेनऊ वाजले, भाजी करायची राहिली, मी उठले नाही. त्यांचं दुःख माझ्यापेक्षा जुनं आहे, हे इतके दिवस माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

5 एप्रिल, शनिवार

आजचं यिर्मयाचं वाचन माझ्याशी काही बोललं नाही. असे दिवस असतात. तरी वाचलं, तारीख घातली.

सात वाजता चार गडी आले. पंपाने होतं ते पाणी काढलं, मग घमेली सुरू झाली. काळा, लोण्यासारखा गाळ, आणि वास असा की मुलीने खिडक्या लावून घेतल्या. त्यात दोन तांबे निघाले, एक तुटकी कासऱ्याची कडी आणि माझ्या लग्नातली वाटावी अशी एक स्टीलची वाटी. दुपारपर्यंत वाडीभर गाळाचे ढीग. केळीला टाकला, माडांना टाकला, चार घमेली लिंबाच्या आळ्यात.

चर्चच्या दारावर गेल्या नाताळपासून यंदाच्या ज्युबिलीचा, म्हणजे चर्चच्या पवित्र वर्षाचा, फलक आहे, ‘आशेचे यात्रेकरू’. त्यामागची ओवी बायबलमधल्या रोमकरांस पत्रातली, आशा लाजवत नाही. फलकाखालून मी दर रविवारी मान खाली घालून आत जायचे. उद्या बहुतेक वाचेन.

साडेचारला एक गडी ओरडला. पश्चिमेच्या कोपऱ्यात दगडाच्या फटीतून पाणी पाझरत होतं, करंगळीएवढी धार. मी चपला काढून पायऱ्या उतरले. पाणी घोट्याच्याही खाली होतं, गढूळ आणि थंडगार.

सासूबाई काठी टेकत काठापर्यंत आल्या होत्या. ‘‘लागलं का पाणी?’’

तांब्यात धार धरली, गाळ खाली बसू दिला आणि वर नेऊन त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं.

‘‘मचूळच आहे,’’ म्हणाल्या. आणि तांब्या परत माझ्याकडे देत, ‘‘लिंबाला घाल. आणि आणखी एक भरून आण.’’