अंदमानातलं शेत आणि सोलापुरातली उलटतपासणी

आज दिवसभर आईची उलटतपासणी. स्वराज द्वीपावर चार लोकांनी मिळून पिकवलेल्या शेतात, जंगलाच्या कडेला तंबूत झोपलो, हे तिला पटतच नाही. सुपारीच्या खोडांवर मिरीचे वेल, वर नारळ, खाली अननस. संडास बिनपाण्याचा, लाकडाचा भुसा टाकायचा, त्याचंच पुढे खत. "शी!" म्हणाली. पण वर्षाला ३,००० मिमीच्या आसपास पाऊस पडूनही तिथं उन्हाळ्यासाठी छपराचं पाणी टाकीत साठवतात म्हटल्यावर गप्प झाली. (आपल्या नळाची तऱ्हा सोलापूरकरांना काय सांगायची!) तिकडे हिवाळ्यात साडेपाचलाच अंधार, त्यामुळे जेवणंही लवकर. माझी कडक भाकरी-शेंगाचटणी शेतावरच्या बंगाली पोरांनी पहिल्याच रात्री फस्त केली. हे ऐकून मात्र बाई खूश. पुढच्या खेपेला जास्त बांधून देणारे म्हणे.