दहावं वचन कोणी फॉरवर्ड करत नाही

बाबा आयसीयूत होते तेव्हा एका मैत्रिणीने बायबलमधल्या यिर्मया २९:११ चं (यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक, २९ वा अध्याय, ११ वं वचन) कार्ड पाठवलं, सूर्योदय, ढग, आणि खाली मोठ्या अक्षरात देवाचे संकल्प हिताचे आहेत वगैरे. तिने मनापासूनच पाठवलं होतं, पण बाबा तिसऱ्या दिवशी गेले आणि ते कार्ड तसंच चॅटमध्ये पडून राहिलं, डिलीटही करवेना.

परवा हिय्या करून तो भाग नीट वाचायला बसले. तो भाग म्हणजे बाबेलला (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या यहुद्यांना यिर्मयाने लिहिलेलं पत्र. तर ११ च्या आधी १० आहे ना, त्यात देव सरळ म्हणतो की बाबेलमध्ये ७० वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. ७० वर्षं! म्हणजे ते पत्र हातात घेऊन वाचणारी मोठी माणसं बहुतेक तिथेच मरणार होती, आणि त्यांना सांगितलं काय, तर घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा.

आणि गंमत म्हणजे आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा सगळ्यांसमोर सांगतो की दोनच वर्षांत सगळं ठीक होणार, बाबेलने नेलेली मंदिराची भांडीसुद्धा परत येणार. यिर्मया त्याला आधी काय म्हणतो माहितीये? आमेन, देव तसंच करो. त्यालाही तेच हवं होतं की! पण देवाने तसं म्हटलेलंच नव्हतं. मला वाटतं आपल्यातले बरेचजण हनन्याचं ऐकतो आणि दोन वर्षांनी देवावर रुसतो.

मग ३२ वा अध्याय, हा माझा सगळ्यात आवडता. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय, यिर्मया स्वतः कैदेत, आणि चुलतभाऊ येऊन म्हणतो माझं अनाथोथचं शेत घे. बाहेर शत्रूचं सैन्य उभं असताना जमीन कोण घेतं? हा घेतो. १७ शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी तराजूत तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, खरेदीखत त्याचा लेखनिक बारूखच्या हातात देऊन सांगतो की मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकलं पाहिजे. कारण देवाने सांगितलंय की या देशात पुन्हा घरं, शेतं विकत घेतली जातील. आणि व्यवहार झाल्यावर प्रार्थनेत देवालाच म्हणतो की शहर तर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या, हातात चाललंय आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस! म्हणजे हा बिचारा गोंधळलेलाच होता, पण पैसे देऊन मोकळा झाला होता.

पुढे त्याला मिसरला (इजिप्तला) नेलं, त्या शेतात त्याने कधी पेरणी केल्याचं वाचल्याचं मला तरी आठवत नाही.

येशूला क्रूसावर मारल्यानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर निघालेले त्याचे ते दोन शिष्य पण असेच, आम्हाला आशा होती असं भूतकाळात बोलतायत, आणि ज्याच्याबद्दल बोलतायत तो मेलेल्यांतून उठून बाजूनेच चालतोय, ओळखतच नाहीत. बाबांच्या मातीला उभी होते तेव्हा पुनरुत्थानाची वचनं वाचली गेली, तेव्हा माझं पण तेच झालं असणार, कानावर पडली पण आत गेली नाहीत. आता हळूहळू जातायत. रोज नाही.

मैत्रिणीला अजून रिप्लाय द्यायचाय. थँक्यू म्हणेन आणि खाली १० वं वचन पेस्ट करीन, चिडेल बहुतेक.