खाडाखोड झालेले सहा रकाने

"मॅडम, पंच्याऐंशी टक्के जुळलं!" माझ्या दोन विद्यार्थिनींनी एकाच मुलाच्या खेळाचे वेगवेगळे भरलेले निरीक्षणाचे तक्ते पुढे केले. पदवीच्या दुसऱ्या वर्षाचं प्रात्यक्षिक, बालवाडीतला ठोकळ्यांचा कोपरा आणि एकच मूल. दहा सेकंद पाहायचं, पाच सेकंदांत नोंद करायची. पंधरा मिनिटांत ६० रकाने भरतात. अमेरिकी संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या सामाजिक सहभागाचे सहा प्रकार मांडले. पहिल्या खेपेला मी दोनच ठेवते. शेजारी बसून आपापलं खेळणं म्हणजे 'समांतर', आणि दुसऱ्यासोबत खेळणं म्हणजे 'एकत्र'.

६० पैकी ५१ नोंदी जुळल्या होत्या खऱ्या. पण एकीनं ५२ वेळा 'समांतर' लिहिलं होतं, दुसरीनं ५३ वेळा. मूल बहुतांश वेळ एकच करत असेल, तर न पाहता 'समांतर' लिहीत गेलं तरी बरंच जुळतं. हे योगायोगाचं जुळणं वजा करण्यासाठीच मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये कॅपा हा एकमताचा आकडा मांडला. पूर्ण एकमत म्हणजे १, निव्वळ योगायोगाइतकं म्हणजे ०. फळ्यावर गणित केलं: (५२×५३ + ८×७) ÷ ३६०० = ०.७८११ हा योगायोगाचा वाटा. मग (०.८५ − ०.७८११) ÷ (१ − ०.७८११), म्हणजे ०.३१. 'एकत्र'वर दोघींचं एकमत अवघ्या ३ रकान्यांत होतं, आणि आम्हाला शोधायचं होतं ते नेमकं 'एकत्र'च.

दुसऱ्या दिवशी त्याच तक्त्यांवर ५७ नोंदी जुळत होत्या. सहा रकान्यांत वेगळ्या शाईनं खाडाखोड. "आम्ही बसून चर्चा केली," दोघी म्हणाल्या, आणि त्यात लपवाछपवी अजिबात नव्हती. त्यामुळेच मला ते जास्त लागलं. गटचर्चेला आपण गुण देतो. चर्चा कधी करायची नाही, हे कुणी शिकवतच नाही. एकवाक्यता मोजायची ती एकमेकींना न विचारता केलेल्या मूळ नोंदींवर. चर्चा त्यानंतर, आणि तिचा निकाल वेगळ्या रकान्यात. शिवाय पालकांची संमती फक्त निरीक्षणाला होती, चित्रीकरणाला नव्हती. म्हणजे ते सहा रकाने निव्वळ आठवणीवर बदलले होते. ताडून पाहायला काहीच नव्हतं.

एक सहकारी म्हणाले, टक्केवारी लिहा, परीक्षेला चालते. चालते, हेच दुखणं आहे. सूत्र पाठ करून गुण मिळतात, पण 'एकत्र' कशाला म्हणायचं ही व्याख्या लिहायला पेपरात एक ओळही नसते.

मूळ तक्त्यांतल्या न जुळलेल्या ९ नोंदी आम्ही एकेक करून पाहिल्या. बहुतेक ठिकाणी प्रसंग एकच: मुलानं शेजारच्याकडे ठोकळा सरकवला, पण वर पाहिलं नाही. एकीला ते देणं वाटलं, दुसरीला जागा करणं. आता नियम लिहिला आहे: वस्तू सरकवताना नजर, बोलणं किंवा समोरच्याचा प्रतिसाद यांपैकी एक तरी दिसलं तरच 'एकत्र'. नोंद पेननं, खोडरबर बंद. दोघींनी समोरासमोरच्या भिंतींशी बसायचं आणि वेळेची खूण एकाच घड्याळावरून घ्यायची, कारण दोन फोन तीन सेकंद मागेपुढे सुरू झाले तरी दहा सेकंदांतले तीन सेकंद निसटतात.

ते जुने तक्ते मी फाइलमध्ये तसेच ठेवले आहेत. दोघींना त्या प्रात्यक्षिकाचे गुण किती द्यावेत, हे अजून ठरलेलं नाही.