एअरबीएनबी होस्ट, कोविडची सरकारी मदत आणि एका फॉर्मचा घोळ

१४ मार्च २०२० ला एअरबीएनबीने, म्हणजे लोकांची घरं पाहुण्यांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने मिळवून देणाऱ्या कंपनीने, जाहीर केलं की त्या दिवसापर्यंत केलेली बुकिंग कोविडमुळे रद्द झाली तर पाहुण्याला पूर्ण पैसे परत मिळतील. होस्टने (घर देणाऱ्या मालकाने) कॅन्सलेशनची कितीही कडक अट लावलेली असली तरी ती चालणार नव्हती. अमेरिकेतल्या होस्टची कॅलेंडरं बघता बघता कोरी झाली. घराचा हप्ता, प्रॉपर्टी टॅक्स, विमा आणि विजेचं बिल मात्र ठरल्या तारखेला येतच राहिलं. ३० मार्चला कंपनीने होस्टसाठी २५ कोटी डॉलर बाजूला काढले. त्याचा हिशोब असा होता: तुमच्या अटीप्रमाणे जे मिळालं असतं त्याचे २५ टक्के. म्हणजे ४०० डॉलर हातात पडायचे तिथे १००.

त्याआधी तीनच दिवस, २७ मार्चला, कोविडच्या मदतीसाठीच्या केअर्स कायद्यावर सही झाली होती. त्यात छोट्या धंद्यांसाठी दोन मोठे दरवाजे होते: पीपीपी म्हणजे माफ होऊ शकणारं कर्ज, आणि ईआयडीएल म्हणजे आपत्तीचं दीर्घ मुदतीचं कर्ज. एकाच गल्लीतल्या दोन घरांचं सारखंच नुकसान झालेलं असायचं, तरी एकाला पीपीपी मिळालं आणि दुसऱ्याला नाही. याचं कारण वर्षभर आधीच्या टॅक्स रिटर्नमध्ये होतं.

अमेरिकेत घरभाड्याचं उत्पन्न साधारण शेड्यूल ई या रिटर्नला जोडायच्या फॉर्मवर दाखवतात. पाहुणा राहत असताना रोजची साफसफाई, नाश्ता, चादरी बदलणं अशा भरीव सेवा देत असाल तर तो धंदा होतो आणि शेड्यूल सी या धंद्याच्या फॉर्मवर जातो. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. सरासरी मुक्काम ७ दिवस किंवा त्याहून कमी असला (वर्षात १८० रात्री आणि ५० बुकिंग, म्हणजे ३.६ दिवस) की शेड्यूल सी लागतोच, असं अनेकजण धरून चालतात. तसं नाही. ७ दिवसांचा नियम निष्क्रिय (स्वतः न राबता मिळणाऱ्या) उत्पन्नातला तोटा कुठे वजा करता येईल ते ठरवतो. शेड्यूल सी सेवांवरून ठरतो. पाहुणा गेल्यावरची सफाई, वायफाय, कचरा उचलणं या गोष्टी भरीव सेवेत धरत नाहीत.

शेड्यूल ई निवडण्यामागे पैशाचं साधं कारण होतं. शेड्यूल सी वरच्या नफ्यावर १५.३ टक्के स्वयंरोजगार कर बसतो. निव्वळ नफा २४,००० डॉलर असेल तर त्याच्या ९२.३५ टक्क्यांवर तो लागतो, म्हणजे साधारण ३,३९० डॉलर. सीपीएने, म्हणजे तिथल्या सीएने, शेड्यूल ई सुचवला तर त्यात काही वावगं नव्हतं. पण पीपीपी हे मुळात पगार टिकवण्यासाठीचं कर्ज, आणि एकट्या मालकाचा ‘पगार’ म्हणजे शेड्यूल सी च्या ३१ व्या ओळीतला निव्वळ नफा. शेड्यूल ई वर ही ओळच नाही. शिवाय एसबीएच्या (ही कर्जं बघणारी छोट्या धंद्यांची सरकारी संस्था) जुन्या नियमात घरमालक ‘निष्क्रिय व्यवसाय’ म्हणून आधीच वगळलेले होते. माझ्या मते यात मोठा अन्याय झाला. स्वतः चादरी धुणारा आणि रात्री अकराला किल्ली द्यायला जाणारा माणूस सरकारच्या लेखी काहीच काम करत नव्हता.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींपुरती एक गोष्ट इथेच सांगायला हवी. एच-वन-बी व्हिसावर फक्त व्हिसा देणाऱ्या कंपनीचंच काम करता येतं. भाड्याचं निष्क्रिय उत्पन्न त्यात अडचणीचं ठरत नाही. पण शेड्यूल सी भरणं म्हणजे ‘मी स्वतः हा धंदा चालवतो’ असं लिहून देणं. चार पैशांच्या मदतीसाठी आधीचं रिटर्न दुरुस्त करून तिकडे वळायचं असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारणं भाग होतं.

ज्यांचा शेड्यूल सी होता त्यांचं गणित सोपं होतं: २०१९ चा निव्वळ नफा भागिले १२, गुणिले २.५. २४,००० वर ५,००० डॉलर. नफा जास्तीत जास्त १ लाख धरायचा, म्हणजे कमाल २०,८३३. ५ जून २०२० च्या दुरुस्तीनंतर खर्चाची मुदत ८ आठवड्यांवरून २४ आठवडे झाली आणि ही सगळी रक्कम मालकाचा स्वतःचा मोबदला म्हणून माफ करून घेता येऊ लागली. वीजबिलं जोडायची गरज उरली नाही.

तरी अर्ज अडकायचे. एकट्या मालकांना १० एप्रिलपासून अर्ज करता आला आणि पहिले ३४९ अब्ज डॉलर १६ एप्रिलला संपले. बऱ्याच बँकांनी आपल्याकडे बिझनेस खातं असलेल्यांना आधी घेतलं, आणि बहुतेक होस्टचे पैसे घरखर्चाच्याच खात्यात जमा व्हायचे. दुसरी अडचण १०९९-के ची, म्हणजे वर्षभरात किती पैसे दिले हे सांगणाऱ्या प्लॅटफॉर्मच्या टॅक्स फॉर्मची. तेव्हा केंद्राच्या नियमाने २०,००० डॉलरच्या वर आणि २०० हून जास्त व्यवहार असले तरच प्लॅटफॉर्मला तो द्यावा लागायचा. ज्यांना मिळाला त्यांचा आकडा बँकेतल्या जमेशी जुळत नव्हता, कारण त्यात प्लॅटफॉर्मची फी कापण्याआधीची रक्कम असते. पेआउटचा अहवाल काढून फी आणि परतावे वेगळ्या रकान्यात मांडले की हा प्रश्न सुटायचा.

सर्वांत जास्त नुकसान घसाऱ्याने केलं. ढोबळ उत्पन्न ६०,०००, पण व्याज, दुरुस्ती आणि घसारा वजा जाता ३१ व्या ओळीत उणे २,०००. अशा होस्टला २०२० मध्ये पीपीपी शून्य. मार्च २०२१ मध्ये नियम बदलला आणि ३१ व्या ओळीऐवजी ७ व्या ओळीतलं ढोबळ उत्पन्न वापरायची मुभा मिळाली. त्याच होस्टला आता १२,५०० डॉलर. दुसऱ्या फेरीत, व्यवसायाचा कोड ७२ ने सुरू होत असेल (निवास आणि खानपान), तर २.५ ऐवजी ३.५ ने गुणायचं, म्हणजे १७,५००. त्यासाठी २०२० च्या एखाद्या तिमाहीत उलाढाल २५ टक्के घटलेली दाखवावी लागे. रिटर्नवर स्थावर मालमत्तेचा, ५३ चा, कोड टाकलेल्यांना ही वाढ मिळाली नाही. आणि ज्यांची कर्जं आधीच मंजूर झाली होती त्यांना नवा हिशोब मागे जाऊन लागू केला नाही. घाई करून नियम पाळणाराच इथे मागे पडला.

शेड्यूल ई वाल्यांसाठी ईआयडीएल उघडं होतं. अर्जात भाड्याच्या मालमत्तांसाठी ‘आपत्तीमुळे बुडालेलं भाडं’ असा वेगळा रकाना होता. तो न भरता फक्त उलाढाल टाकणारे कितीतरी होते. पण हे कर्ज माफ होत नाही. व्याज ३.७५ टक्के, मुदत ३० वर्षं, २५,००० च्या वर तारण. सोबत मिळणारं अनुदान सुरुवातीला कर्मचाऱ्यामागे १,००० डॉलर, म्हणजे एकट्या होस्टला १,०००च.

२०२० मध्ये १,५०,००० डॉलर घेतलेल्याचा हप्ता ७३१ डॉलर बसला. पहिले ३० महिने हप्ता नव्हता, व्याज मात्र वर्षाला ५,६२५ ने चढत होतं. हप्ता सुरू होईपर्यंत १४,०६२ डॉलर व्याज साचलं. प्रत्येक हप्ता आधी व्याजात जातो. महिन्याचं चालू व्याज ४६९ वजा केलं की साचलेल्यातले जेमतेम २६२ फिटतात. म्हणजे हप्ते सुरू झाल्यावरही मुद्दल पहिल्यांदा हलायला साडेचार वर्षांच्या आसपास. त्या ३० महिन्यांत जमेल तसे १००-२०० डॉलर भरत राहिलेले लोक आज बरेच पुढे आहेत.

होस्टना फारशी माहीत नसलेली सवलत गृहकर्जाची होती. कर्ज फॅनी मे, फ्रेडी मॅक किंवा एफएचएसारख्या केंद्राच्या पाठबळाचं असेल, तर १८० दिवस आणि मागितल्यास आणखी १८० दिवस हप्ते थांबवता येत. एक ते चार घरांच्या इमारतीला हे लागू होतं आणि मालक स्वतः तिथे राहत असण्याची अट नव्हती. तोटा सिद्ध करायचे कागद लागत नव्हते, पण सर्व्हिसरला (हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीला) फोन करून मागावं लागे. न विचारता हप्ता चुकवला की तो थकबाकीच धरला जायचा.

स्वयंरोजगारवाल्यांच्या बेकारी भत्त्यावर, पीयूएवर, जुलै २०२० अखेरपर्यंत आठवड्याला ६०० डॉलर जादा मिळत होते. पण पीपीपीतून मालकाचा मोबदला घेतलेल्या आठवड्यांसाठी हा भत्ता घेता येत नव्हता. दोन्ही घेतलेल्यांना पुढे राज्याकडून वसुलीची पत्रं आली.

कागद अजून टाकू नका. ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने पीपीपी आणि ईआयडीएलमधल्या फसवणुकीच्या कारवाईची मुदत १० वर्षं केली आहे. २०२१ चं कर्ज असेल तर २०३१ संपेपर्यंत ही फाइल जपायची: २०१९ चं रिटर्न, अर्जाची प्रत, माफीचं पत्र, पेआउटचे मासिक अहवाल आणि पैसे ज्या खात्यात आले त्याचं स्टेटमेंट.