अकरावं टेबल

मोठ्या साइटवर अजून टेबल-लेआउट, म्हणजे पानाची मांडणीच एचटीएमएलच्या टेबलांत, का, असं आमच्या महापेच्या ऑफिसात कुणालाही विचारा. ठरलेलं उत्तर येतं, 'जुनी माणसं, सीएसएस येत नाही त्यांना.' सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारी भाषा, 1996 पासून आहे. त्यातलं मांडणीचं ग्रिडसुद्धा 2017 मध्ये क्रोम, फायरफॉक्स, सफारीत आलं. येत नाही म्हणून कुणी थांबलेलं नसतं, पण हे नवीन पोरांना पटत नाही.

क्लायंट विमा क्षेत्रातला. तिकीट किरकोळ: अंतर्गत पोर्टलवर हप्त्यांच्या यादीचं पान मोबाइलवर आडवं सरकतं, ते थांबवा. कोड उघडला, तर पहिलं टेबल हेडरच्या फाइलीत उघडलेलं आणि बंद थेट फुटरच्या फाइलीत. मधल्या ओळी जेएसपीत, म्हणजे सर्व्हरवर पान तयार करणाऱ्या फाइलीत, नव्हत्याच. डेटाबेसमधलं स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे तिथेच साठवलेला कोड, टीआर-टीडी हे ओळी-रकान्यांचे टॅग जोडून तयार एचटीएमएल पाठवत होता! म्हणजे एका रकान्याची रुंदी बदलायची तर डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीएच्या पाया पडा. जागोजागी एक बाय एक पिक्सेलची पारदर्शक जीआयएफ, नुसती जागा अडवायला. नेटस्केप 4 या जुन्या ब्राउझरमध्ये सीएसएसचा काही भरवसा नसायचा. त्या काळी शिकलेल्या माणसाने हे लिहिलं असेल, तर त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

आम्ही सगळं डिव्ह, म्हणजे साध्या चौकटी, आणि ग्रिडवर आणलं. मोबाइलवर पान झकास दिसायला लागलं. पायलट म्हणून एका शाखेला दिलं आणि सकाळीच फोन आला, "साहेब, आमचं एक्सेल रिकामं येतंय."

कसलं एक्सेल? स्क्रीन शेअर करून पाहिलं. एक्सेलच्या जुन्या वेब क्वेरीला पानाचा पत्ता द्यायचा आणि कितवं टेबल हवं ते सांगायचं, की ती आकडे शीटमध्ये ओढते. शाखेच्या एक्सेल फाइलीतल्या मॅक्रोत, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कोडात, लिहिलेलं होतं, वेबटेबल्स बरोबर "11". बाहेरची दहा टेबलं निव्वळ मांडणीची, अकराव्यात यादी. आमच्या पानावर टेबलच उरलं नव्हतं. हीच फाइल बाकीच्या शाखांतही फिरत होती, आणि हेड ऑफिसच्या आयटीला तिचा पत्ताच नाही. यादी खरं तर टेबलच आहे, ती टेबलात परत ठेवली. पण बाहेरची दहा काढली की तिचा नंबर पहिला, आणि मॅक्रो मागणार अकरावंच.

यादी डाउनलोड करायचं बटण कधीच दिलं नाही, मग लोक दुसरं करणार तरी काय? मी तेच बटण सुचवलं. मॅनेजर म्हणाला, "स्कोपमध्ये नाही." जुनं पान परत चढवलं, तिकीट बंद. शेजारच्या टीममधला एकजण अजून विचारतो, एवढं साधं ग्रिड जमलं नाही का तुम्हाला?