सिझन बुडाला, कारखाना चालू राहिला : आमची वाटचाल

नागपुरात कूलर बनवणाऱ्याचं वर्ष गणपती उठले की सुरू होतं आणि मृग लागला की संपतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात इतवारीच्या लोहाओळीत पत्र्याचे भाव विचारायचे, दिवाळीनंतर कटिंग आणि बेंडिंग, जानेवारीत रंग, फेब्रुवारीत फिटिंग. विक्री मात्र होळीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच. म्हणजे जेमतेम तीन महिने पैसा येतो आणि बाकीचे नऊ महिने तो पत्र्यात, मोटारीत, मजुरीत अडकलेला असतो. अशा धंद्यात एक सिझन गेला की पूर्ण वर्ष गेलं.

आमच्या वाटचालीत असे सिझन पाठोपाठ आले. 25 मार्च 2020 ला देशभर लॉकडाऊन लागला तेव्हा शहरातल्या प्रत्येक कूलर कारखान्यात माल तयार होऊन रचलेला होता. 2021 मध्ये 15 मार्चपासून नागपुरात कडक निर्बंध आले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून राज्यभर अत्यावश्यक नसलेली दुकानं बंद झाली. त्याच सुमारास पत्रा महागला. मोटारीत लागणारं तांबं लंडनच्या बाजारात मे 2021 मध्ये टनाला 10,000 डॉलरच्या वर गेलं. 2023 चा एप्रिल-मे अवकाळीत गेला आणि त्याच वर्षी 23 सप्टेंबरच्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडून अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीकाठच्या वस्त्या आणि दुकानं पाण्यात गेली.

या सगळ्यातून आम्ही जे धरून राहिलो ते एवढंच : धीर उपदेशाने टिकत नाही. उद्या सकाळी शटर उघडल्यावर कोणाच्या हाताला काय काम द्यायचं, हे आज संध्याकाळी ठरलेलं असलं तर टिकतो. म्हणून इथे लिहितो आहोत ते कामाचंच.

पहिलं काम न विकलेल्या मालाचं. पडून राहिलेला कूलर वर्षभराने तसाच विकता येत नाही, तो तपासूनच द्यावा लागतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या दोन थरांत ओल अडकली आणि हवा मिळाली नाही की पांढरा गंज धरतो. पत्रे जमिनीवर सपाट रचले की पावसाळ्यात हे हमखास होतं. आमच्याकडे पत्रा लाकडी पट्ट्यांवर आणि एका बाजूला थोडा कलता ठेवतात, म्हणजे ओल निथळून जाते. पांढरी भुकटी नायलॉनच्या ब्रशने निघाली आणि खाली चकाकी दिसली तर पत्रा चांगला. खाली काळपट डाग निघाला तर जस्त खाल्लं गेलं आहे, तो पत्रा पाण्याच्या टाकीला कधीच लावायचा नाही. टाकीचा गंज बहुतेक वेळा बेंडच्या कडेवर आणि कापलेल्या तोंडावर सुरू होतो, कारण बेंडवर जस्ताचा थर तडकलेला असतो आणि कापलेल्या तोंडावर तो नसतोच. त्या कडांना डांबरी काळ्या रंगाचे दोन हात, आणि पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही.

मोटार वर्षभर बसून राहिली की बुशातलं तेल सुकतं आणि शाफ्ट जड फिरतो. आधी हाताने फिरवून पाहायचा, बुशात तेलाचे थेंब सोडायचे, मग 500 व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग (आतली तारांची गुंडाळी) आणि बॉडी यांच्यामधला रोध मोजायचा. एक मेगाओहमच्या खाली आला तर मोटार उन्हात किंवा बल्बच्या उबेवर वाळवून पुन्हा मोजायची. तरी चढला नाही तर ती मोटार बाजूला. पंप कोरडा चालवून पाहू नये, लगेच तापतो. बादलीभर पाण्यात दहा मिनिटं चालवायचा. पंपाच्या आतला पंखा अडकला असेल तर खालचं झाकण काढून साचलेली धूळ आणि क्षार साफ केले की बहुतेक पंप सुरू होतात. कूलरचं गवत मात्र जुनं वापरायचंच नाही. ते ओलीने बसतं, वास धरतं, त्यातून हवा नीट जात नाही. गवताऐवजी लावायचे हनिकोंब पॅड ठेवायचे तर जमिनीपासून उंच, वर वजन न देता आणि उंदरांपासून दूर, कारण शेवटी तो कागदच.

यात एक गोष्ट फार लोकांच्या ध्यानात येत नाही. मोटारवाला आपल्याला वॉरंटी देतो ती बऱ्याचदा बिलाच्या तारखेपासून. माल आपल्या गोदामात वर्षभर पडला की वॉरंटीही गोदामातच संपते, आणि पुढच्या उन्हाळ्यात गिऱ्हाइकाची जळालेली मोटार आपल्या खिशातून भरावी लागते. म्हणून सिझन बुडतो आहे असं दिसताच, मे महिन्यातच, मोटारवाल्याकडून मुदतवाढ लेखी घ्यायची. तेव्हा तोही अडचणीत असतो आणि पुढची ऑर्डर त्याला हवी असते. दिवाळीनंतर विचारलं तर कोणी देत नाही.

माल स्वस्तात काढायचा की ठेवायचा, हा प्रश्न जूनमध्ये जीव खातो. तिथे मन नको, हिशेब हवा. समजा एका कूलरची लागत 6,500 रुपये आहे आणि कर्जाचं व्याज 12 टक्के. वर्षभराचं व्याज 780 रुपये. नवं गवत, रंगाचा हात, तपासणीची मजुरी मिळून 350 धरा. जागा आणि ने-आण 150. एकूण 1,280. म्हणजे आज 1,200 रुपये सूट देऊन नग जात असेल तर देऊन टाकलेला बरा, 2,000 मागत असतील तर ठेवलेला बरा. आकडे प्रत्येकाचे वेगळे येतील, पण हा कागद समोर असला की घाबरून माल फुंकला जात नाही आणि हट्टाने अडवूनही ठेवला जात नाही.

आता तंगीत काय कापायचं नाही, ते. पहिला मोह पत्र्याचा होतो. आठ बाय चार फुटाचा 24 गेजचा पत्रा साधारण 14 किलो भरतो. त्याहून पातळ 26 गेज घेतला तर पत्र्यामागे सव्वादोन किलोच्या आसपास वाचतं. पण 18 इंची पंख्याच्या थरथराटाने 26 गेजची बॉडी घुमते, स्क्रूची भोकं लांबट होतात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात कूलर खडखडायला लागतो. दुसरा मोह तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियम वाइंडिंगच्या मोटारीचा. मे महिन्याच्या दुपारी व्होल्टेज पडतं तेव्हा मोटार तशीही जास्त तापते, आणि अ‍ॅल्युमिनियमचे जोड तापून-थंड होऊन सैल पडतात. तिसरी गोष्ट अर्थिंगची, तिथे तर विचारच करू नये. लोखंडी बॉडी, आत पाणी, बाहेर ओली फरशी आणि अनवाणी माणूस. बॉडीला पक्क्या नटाने जोडलेली हिरवी तार, तीन पिनांचा प्लग आणि घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच), हे सांगितल्याशिवाय आमच्याकडून कूलर बाहेर पडत नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात. धंदा कितीही अडचणीत असो, त्या तारेत बचत नाही.

अवकाळीच्या वर्षी विक्री तर थांबतेच, वर विकलेल्या कूलरच्या तक्रारी येतात. त्याचं कारण हवेत असतं. 45 अंशांच्या कोरड्या दुपारी, आर्द्रता 12 टक्क्यांच्या आसपास असताना, ओल्या फडक्याच्या तापमापीवर 22-23 अंश दिसतात. चांगला कूलर 45 आणि या आकड्यामधला 80 टक्के फरक मिळवून देतो, म्हणजे 27-28 अंशांची हवा. पाऊस पडून 38 अंश आणि 45 टक्के आर्द्रता झाली की तोच ओला आकडा 28 वर जातो आणि कूलर 30 च्या खाली उतरत नाही. कुठे 17 अंशांची थंडाई आणि कुठे 8. कूलर बिघडलेला नसतो. फिटरने जाऊन समोरची खिडकी उघडायला सांगितलं, पंप थोडा वेळ बंद ठेवून पंखाच चालवला, की चिकचिक कमी होते आणि गिऱ्हाईक टिकतं. फोनवर वाद घातला तर तुटतं.

याच तक्रारींतून आमचं दुसरं उत्पन्न उभं राहिलं, सर्व्हिसिंगचं. फेब्रुवारीच्या शेवटी शहरातल्या घराघरांत कूलर उतरवतात, गवत बदलतात, टाकी घासतात. नव्या कूलरचा बाजार बंद असला तरी जुना कूलर लोक चालू करून घेतातच. गवत, पंप, पाइप, डांबरी रंग आणि कपॅसिटर एवढं सामान गाडीवर असलं की काम तिथल्या तिथे उरकतं. बोअरच्या जड पाण्याने पॅडवर पांढरी खपली धरते. मोठा कूलर भर दुपारी तासाला वीसेक लिटर पाणी उडवतो आणि क्षार मागे टाकीत राहतात. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासली तर खपली कमी धरते आणि डासांच्या अळ्याही होत नाहीत. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, त्याला आठ-दहा दिवस पुरतात.

पावसाळ्यात कटिंग आणि बेंडिंगची मशीनं रिकामी ठेवायची नाहीत. धान्याच्या कोठ्या, पत्र्याच्या पेट्या, इलेक्ट्रिक पॅनलचे डबे, हॉटेलच्या चिमणीचं डक्टिंग. यात नफा कमी, कधी मजुरीपुरताच. तरी हे काम घ्यावं, असं आमचं ठाम मत आहे. बेंडिंग करणारा चांगला कारागीर बालाघाट किंवा भंडाऱ्याला गावी गेला आणि दुसरीकडे लागला तर नवा माणूस तयार व्हायला पूर्ण सिझन जातो. नवशिक्याच्या हातून बेंड दोन मिलिमीटर हुकला की दार बसत नाही आणि अख्खा पत्रा भंगारात.

पैशाचा भाग कोरडा आहे, पण झोप तिथेच उडते. बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटची मर्यादा मालावर आणि येण्यावर मिळते. माल जुना झाला, येणं 90 दिवसांपलीकडे गेलं की बँक ते मोजत नाही आणि नेमकं गरजेच्या वेळी उचल कमी होते. हप्ता थकून 90 दिवस झाले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. त्याआधी 30, 60, 90 दिवसांचे टप्पे असतात आणि सूक्ष्म-लघु उद्योगाला त्या काळात बँकेकडे लेखी अर्ज करून हप्ते नव्याने बांधून मागता येतात. शाखेत स्वतः जाऊन, येणाऱ्या-जाणाऱ्या पैशाचा तक्ता हातात घेऊन बोलावं. फोन उचलायचं टाळणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. 2020 मधल्या हप्तेसवलतीत व्याज चालूच होतं, ती माफी नव्हती. आपत्कालीन कर्जहमी योजनेत मात्र 29 फेब्रुवारी 2020 ला बाकी असलेल्या कर्जाच्या 20 टक्के रक्कम नव्या तारणाशिवाय मिळत होती, मुद्दलाला एक वर्ष सूट होती. ज्यांनी ती रक्कम पत्र्यात न घालता मजुरी आणि देणी यांत वापरली त्यांना ती उपयोगी पडली.

तक्ता म्हणजे साधी वही. पुढचे तेरा आठवडे, प्रत्येकासमोर येणार, जाणार, उरणार. दर सोमवारी एक आठवडा खोडायचा, एक वाढवायचा. जीएसटीचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात, ते आपले नाहीतच. कोणत्या आठवड्यात शिल्लक शून्याखाली जाते ते आधीच दिसलं की त्या देणेकऱ्याला तारखेच्या आधी फोन करता येतो. आधी फोन करणाऱ्याला बाजार सांभाळून घेतो, हा आमचा अनुभव आहे.

डीलरकडे अडकलेल्या पैशाला कायद्याचा आधार आहे. उद्यम ही सरकारी नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. शिवाय 2023-24 पासून मुदतीत न दिलेली आणि वर्षअखेरीलाही बाकी राहिलेली रक्कम खरेदीदाराला प्राप्तिकरासाठी त्या वर्षी खर्चात दाखवता येत नाही. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर ठळक छापावा, तोंडी सांगण्यापेक्षा त्याने जास्त काम होतं. मात्र तक्रार अगदी शेवटी. पुढच्या मार्चमध्ये माल त्याच डीलरच्या दुकानात उभा राहणार असतो.

विम्याचं 2023 च्या पुराने सगळ्यांनाच दाखवून दिलं. पॉलिसीत पुराचं कलम आहे का, हे वाचून घ्या. आणि विम्याची रक्कम फेब्रुवारीतल्या मालाइतकी हवी, ऑगस्टमधल्या नव्हे. माल 20 लाखांचा, विमा 10 लाखांचा आणि नुकसान 4 लाखांचं असेल तर हातात साधारण 2 लाखच येतात. पाणी ओसरल्यावर विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेला माल फेकू नये. फोटो काढावेत, वजन करून ठेवावं. भिजलेल्या मोटारी गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, मेगर लावल्याशिवाय वीज देऊ नये.

आणि मालकाचं मन. वाईट सिझनमध्ये माणूस घरात बोलणं बंद करतो, जेवण तुटतं, रात्री दोनला उठून आकडेमोड चालते. घरच्यांना आणि कारागिरांना खरी स्थिती सांगावी. न सांगितलं तर कारखाना बंद होतोय अशी अफवा आठवड्यात पसरते आणि देणेकरी एकदम दारात येतात. जगणंच नकोसं वाटायला लागलं तर 14416 हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तो लावण्यात कमीपणा नाही.

आता पत्रा आम्ही दोन हप्त्यांत घेतो. सप्टेंबरात गरजेच्या साठ टक्के आणि जानेवारीत डीलरची आगाऊ रक्कम हातात पडल्यावर उरलेला. जानेवारीत भाव किलोमागे दोन-चार रुपये जास्त लागला तरी चालतो. डीलरकडून आगाऊ घेतलेल्या नगांवर त्याच्या दुकानाचं नाव रंगवून देतो, म्हणजे तो माल परत पाठवत नाही.