गोटीला न विचारता येणारा प्रश्न

नववीत असताना आमचे विज्ञानाचे सर टेबलावर लाकडी पन्हळ तिरकी ठेवून तिच्यातून काचेची गोटी सोडत, आणि ती सोडण्याआधीच फरशीवर जिथे पडणार तिथे खडूने फुली मारून ठेवत. गोटी बरोबर फुलीवर टेकली की वर्गात टाळ्या पडत. त्याच तासाला त्यांनी फ्रेंच गणितज्ञ लाप्लासचा विचार सांगितला: विश्वातल्या प्रत्येक कणाची स्थिती आणि सर्व बले एखाद्या बुद्धीला एका क्षणी ठाऊक असतील, तर तिला भविष्यही भूतकाळाइतकेच स्पष्ट दिसेल, असे त्याने १८१४ साली लिहिले होते. तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारले, “मग काल पळापळीत माझ्या हातून चंचुपात्र फुटले, तेही आधीच ठरलेले होते ना?” सरांनी हा प्रश्न थट्टेवारी नेला नाही. “गोटीला ‘इथे का पडलीस’ असे विचारून काही होत नाही. तुला विचारले, की तू विचार करतोस आणि उद्या प्रयोगशाळेत पळत नाहीस,” एवढेच ते म्हणाले.

पुढे वकिली करताना या उत्तराचे मोल मला कळले. भारतीय दंड संहितेत सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नसे. मनोविकारामुळे आपण काय करतो आहोत किंवा ते गैर आहे हेच ज्याला कळू शकत नाही, त्याचेही नाही. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही ही तत्त्वे कायम ठेवली आहेत. कायदा समज आहे का ते पाहतो, अणूंची गती पाहत नाही.

पुंजभौतिकीने, म्हणजे अणूंच्या पातळीवर केवळ शक्यताच सांगणाऱ्या भौतिकशास्त्राने, लाप्लासचे चित्र मोडले, म्हणून इच्छास्वातंत्र्य सिद्ध झाले, असे म्हणणारे मित्र मला भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. रेडियम-२२६ चा अर्धायुकाल, म्हणजे त्यातले निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षे आहे, तरी त्यातला अमुक एक अणू केव्हा फुटेल हे सांगता येत नाही. पण माझा निर्णय असाच अवचित उमटला असेल, तर त्याचा जाब मी कशाच्या बळावर द्यायचा? टिळकांच्या ‘गीतारहस्या’तील ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ हे प्रकरण मला अधिक जवळचे वाटते, कारण कर्माच्या साखळीचे बळ मान्य करूनही ते प्रयत्नाला जागा ठेवते.

सरांच्या उत्तरात मला एकच भर घालावीशी वाटते. विचारले असता विचार करण्याची ही कुवत कोणी जन्मतः पूर्ण घेऊन येत नाही; ती घरात आणि शाळेत घडते, आणि घर किंवा शाळा कोणीही स्वतः निवडलेली नसते. म्हणूनच शिक्षेच्या प्रश्नावर युक्तिवाद करताना, आरोपीला लहानपणी ‘का’ असे शांतपणे विचारणारे कोणी होते का, हे न्यायालयापुढे मांडण्याचा आग्रह मी आजवर सोडलेला नाही.